विम्यातून गाडी दुरुस्तीला गेली, तोवर चालवायचं काय? सांगली-मिरजेकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी ठोकली की सगळे क्लेमच्या मागे लागतात. गाडी परत येईपर्यंत जायचं-यायचं कसं, याचा विचार होतो तो आठवडाभरानं, गॅरेजमधून ‘अजून पार्ट आला नाही’ असा फोन आल्यावर. तोवर रिक्षा आणि वडापमध्ये बरेच पैसे गेलेले असतात. सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, विटा इकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं खासगी कारसाठी आहेत. टॅक्सी-टेम्पोवाल्यांनी आधी प्र. १४ बघावा. एक सूचना मात्र पुन्हा पुन्हा येईल: तारखा लेखी ठेवा. या विषयातले पैसे बहुतेक वेळा तारखांवरच मिळतात आणि तारखांवरच बुडतात.

१. माझा फुल इन्शुरन्स आहे. गाडी गॅरेजला असेपर्यंत कंपनी दुसरी गाडी देते ना?

आपोआप देत नाही. आपण ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतो त्यात दोन भाग असतात: आपल्या गाडीचं नुकसान आणि समोरच्याचं नुकसान (थर्ड पार्टी). पहिल्या भागात गाडी दुरुस्त करून देण्याचा खर्च येतो. गाडी नसल्यामुळे झालेला खर्च, म्हणजे भाड्याची गाडी, रिक्षा, बुडालेलं काम, हा पॉलिसीच्या भाषेत परिणामी तोटा ठरतो आणि तो मूळ पॉलिसीत स्पष्टपणे वगळलेला असतो. तो हवा असेल तर वेगळा ॲड-ऑन, म्हणजे जादा प्रीमियम भरून जोडायचं संरक्षण, घ्यावा लागतो.

२. हा ॲड-ऑन माझ्या पॉलिसीत आहे की नाही, हे कुठे कळेल?

पॉलिसीच्या पहिल्या एक-दोन पानांवर प्रीमियमचा तक्ता असतो. त्यात झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट अशा ओळींच्या आसपास डेली अलाउन्स, डेली कॅश, लॉस ऑफ यूज किंवा कर्टसी कार (दुरुस्तीपुरती दिलेली गाडी) यांपैकी एखादं नाव आणि त्यापुढे रक्कम दिसली तर तो आहे. रकमेच्या जागी शून्य असेल तर नाही.

इथे दोन गैरसमज नेहमी होतात. झिरो डेप घेतलं की सगळं आलं, असं नाही. झिरो डेपमध्ये पार्टची घसारा-कपात, म्हणजे पार्ट जुना झाला म्हणून कापली जाणारी रक्कम, वाचते, एवढंच. दुसरा गैरसमज रोडसाइड असिस्टन्सचा. त्यात गाडी रस्त्यात बंद पडली तर टो करून नेणं आणि कधी कधी तुम्हाला घरापर्यंत पोचवणं येतं. पुढचे पंधरा दिवस त्यात येत नाहीत.

नव्या गाडीच्या बाबतीत आणखी एक. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग दरवर्षी रिन्यू करता येतो. शोरूमनं पहिल्या वर्षी ॲड-ऑन घातलेला असतो. दुसऱ्या वर्षी स्वस्त पडतं म्हणून मोबाइलवरून रिन्यू करताना तो गळतो. बघायची ती पॉलिसी यंदाची.

३. आत्ताच अपघात झालाय. आता ॲड-ऑन घेता येईल का?

या अपघातासाठी नाही. पुढच्या रिन्यूअलला घ्या, आणि घेताना प्र. ४ मधले चार आकडे विचारून घ्या. निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसीवर हा ॲड-ऑन बसत नाही.

४. रोज किती पैसे मिळतात, आणि दिवस कसे मोजतात?

चार गोष्टी पॉलिसीत लिहिलेल्या असतात: रोजची रक्कम, जास्तीत जास्त दिवस, सुरुवातीचे किती दिवस धरणार नाहीत, आणि मोजणी कोणत्या घटनेपासून सुरू होते. लोक पहिल्या दोन बघतात. खरा फरक पडतो तो उरलेल्या दोनांमुळे.

समजा, रोज १,००० रुपये, कमाल १५ दिवस, पहिले ३ दिवस वगळून. गाडी ४ जूनला गॅरेजला लागली. ६ ला सर्व्हे झाला, म्हणजे कंपनीनं नेमलेल्या सर्व्हेअरनं नुकसान तपासलं. ९ ला कंपनीचं अप्रूव्हल आलं. १७ ला पार्ट आला. २० ला गाडी तयार झाल्याचा मेसेज आला. तुम्ही गाडी घरी आणली २३ ला.

मोजणी गाडी गॅरेजला लागल्यापासून असेल तर ४ ते २० असे १७ दिवस होतात, ३ वगळून १४, म्हणजे १४,००० रुपये. मोजणी अप्रूव्हलपासून असेल तर ९ ते २० असे १२ दिवस, ३ वगळून ९, म्हणजे ९,००० रुपये. गाडी तीच, गॅरेज तेच, पाच हजारांचा फरक. आणि २१ ते २३ हे दिवस दोन्ही हिशेबांत नाहीत, कारण गाडी तयार झाल्यावर ती उचलायला लागलेला वेळ तुमचा धरला जातो.

म्हणून एजंटला ‘डेली अलाउन्स आहे ना?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘दिवस कधीपासून मोजता?’ हे विचारा आणि उत्तर पॉलिसीच्या अटींमध्ये दाखवायला सांगा. बऱ्याच पॉलिसींमध्ये आणखी दोन अटी असतात: मूळ नुकसानीचा क्लेम मंजूर झालेला हवा आणि दुरुस्ती कंपनीनं मान्य केलेल्या गॅरेजमध्येच हवी. ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे काम चांगलं आणि स्वस्त होईलही, पण त्यानं हा भत्ता जाऊ शकतो.

५. गॅरेजमध्ये गाडी लावताना नेमकं काय लिहून घ्यायचं?

जॉब कार्ड, म्हणजे गाडी दुरुस्तीला घेताना गॅरेज बनवतं तो नोंदीचा कागद. ते कसं बनतं हे नीट बघा, कारण पुढचा सगळा वाद या एका कागदावर होतो. टो करून आणलेली गाडी रात्री गेटच्या आत येते, वॉचमन वहीत नंबर लिहितो आणि गॅरेजचा ॲडव्हायजर म्हणतो, ‘साहेब, कार्ड उद्या-परवा काढू, आधी सर्व्हेअर येऊ दे.’ गाडी चार दिवस आवारात उभी राहते आणि कार्डावर पाचव्या दिवसाची तारीख पडते. हे चार दिवस मग कुणाच्याच हिशेबात नसतात.

म्हणून गाडी आत गेली त्याच दिवशीची तारीख-वेळ, किलोमीटर, पेट्रोलचा काटा आणि दिसणारं नुकसान लिहिलेलं कार्ड मागा. नाहीच मिळालं, तर आवारात उभ्या गाडीचा नंबरप्लेटसह फोटो काढा आणि ॲडव्हायजरला तिथूनच व्हॉट्सॲप करा: ‘माझी गाडी एमएच-१० अमुक-अमुक आज सायंकाळी ६ वाजता तुमच्याकडे दुरुस्तीसाठी दिली. कृपया पोच द्यावी.’ त्याचा ‘ओके सर’ आला तरी पुरतो.

पुढे एस्टिमेट, सर्व्हे, अप्रूव्हल, पार्टची ऑर्डर आणि ‘गाडी तयार’ या पाचही गोष्टींच्या तारखा अशाच मेसेजवर घ्या. फोनवरचं बोलणं नंतर कुणाला आठवत नाही. शेवटी बिलासोबत, गाडी किती तारखेपासून किती तारखेपर्यंत गॅरेजला होती असं गॅरेजच्या लेटरहेडवर लिहून, सही-शिक्क्यानिशी घ्या. भत्त्याच्या क्लेमला हा कागद लागतोच.

६. आमची सात सीटर आहे. कंपनीनं छोटी हॅचबॅक दिली तर नाकारता येते का?

आपल्याकडे प्रत्यक्ष गाडी मिळण्यापेक्षा रोजची ठरलेली रक्कमच जास्त मिळते. तुमच्या पॉलिसीत खरोखर गाडी द्यायचं कबूल केलं असेल, तर कोणत्या वर्गाची ते अटींमध्ये लिहिलेलं असतं. ‘समकक्ष’ लिहिलं असेल तर भांडा. ‘स्टँडर्ड हॅचबॅक’ लिहिलं असेल तर तेवढाच हक्क आहे. काही पॉलिसींत गाडीऐवजी रोख निवडता येते. मोठ्या कुटुंबानं रोखच निवडावी, असं माझं स्पष्ट मत आहे. सातजणांना जायचं असेल त्या दिवशी मोठी गाडी भाड्यानं करता येते आणि इतर दिवशी एकट्यासाठी दुचाकी भागवते.

७. चूक पूर्णपणे समोरच्याची आहे. भाड्याच्या गाडीचा खर्च त्याच्या विमा कंपनीकडून मिळेल का?

मागता येतो. मिळेलच असं नाही, आणि लवकर तर नाहीच.

समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान येतं. खासगी कारच्या पॉलिसीत त्याची मर्यादा साधारणपणे साडेसात लाख रुपये असते. पण ती कंपनी तुमच्या फोनवरून पैसे देत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. अपघात खंबाटकी घाटात झाला आणि तुम्ही मिरजेला राहता, तर अर्ज सांगलीतही करता येतो. अर्जदार राहतो त्या ठिकाणचं न्यायाधिकरण चालतं. मुदतीकडे मात्र लक्ष ठेवा: १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अपघातापासून ६ महिन्यांत अर्ज करायचा असतो.

दुरुस्तीचा खर्च बिलावर सिद्ध होतो. गाडी वापरता न आल्याचा खर्च सिद्ध करणं कठीण असतं आणि समोरची कंपनी त्याला हमखास हरकत घेते. भाड्याच्या पावत्या, गाडी गॅरेजला असल्याच्या तारखा (प्र. ५) आणि ती गाडी रोज कशासाठी लागते याचा पुरावा, उदा. डायलिसिसला नेणं किंवा कामावर जाणं, हे असेल तर बोलायला जागा राहते. तुमच्या स्वतःच्या कंपनीनं दुरुस्तीचे पैसे दिले असतील तर तेच पैसे दुसऱ्यांदा मागता येत नाहीत. अर्ज उरतो तो न मिळालेल्या भागापुरता.

तीन-चार हजारांच्या भाड्यासाठी या वाटेला जाऊ नका. गाडी दोन महिने अडकली असेल आणि पावत्या पक्क्या असतील, तर वकिलाशी बोला.

८. समोरचा जागेवरच रोख देतो म्हणतोय. घेऊ का?

बंपरला खरचटलं असेल तर घ्या आणि विषय मिटवा. पण जोरात बसलं असेल तर आतलं नुकसान रस्त्यावर उभं राहून दिसत नाही. ‘सर्व भरपाई मिळाली, काही तक्रार नाही’ असं लिहून दिलंत, तर नंतर दुरुस्तीही गेली आणि भाडंही. घ्यायचेच असतील तर कागदावर ‘आगाऊ, अंतिम नव्हे’ असं स्वच्छ लिहा. त्याचा वाहन क्रमांक, लायसन्स आणि पॉलिसीचा फोटो घ्या, आणि पोलिसांत नोंद करा.

९. सर्व्हेअरच येत नाही. ते दिवस कुणाच्या माथी?

विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल आल्यापासून ७ दिवसांत कंपनीनं निर्णय द्यायचा. ही वेळ टळली की त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार विभागाला मेल करा. दोन ओळी पुरतात: क्लेम नंबर, कळवल्याची तारीख, आणि ‘विलंबामुळे मला रोज भाड्याचा खर्च होत आहे, पावत्या सोबत’. कमाल दिवस संपल्यावर भत्ता वाढत नाही हे खरं, पण कंपनीच्या दिरंगाईचा खर्च पुढे तक्रारीत मागायचा असेल (प्र. २०) तर वेळेत केलेली ही मेलच उपयोगी पडते.

१०. सर्व्हे झाला, अप्रूव्हल आलं, पण पार्ट नाही म्हणून गाडी महिनाभर पडून आहे.

पॉलिसीच्या अटी वाचा. काही ठिकाणी पार्ट न मिळाल्यामुळे गेलेले दिवस वगळलेले असतात. गॅरेजला मात्र सोडू नका. पार्टची ऑर्डर कधी टाकली, याचा कागद मागा. अप्रूव्हलनंतर आठ-दहा दिवसांनी ऑर्डर टाकलेली असेल तर तो उशीर सरळसरळ गॅरेजचा आहे आणि ग्राहक कायद्यात ती सेवेतली त्रुटी आहे. दुसरं म्हणजे गाडी चालण्याजोगी आहे का, ते विचारा. डिकीचं झाकण किंवा मागचा बंपर यायचा असेल तर गाडी तात्पुरती घरी आणून पार्ट आल्यावर परत लावता येते. त्याआधी कंपनीला लेखी कळवा. हेडलाइट, ब्रेक, एअरबॅगचं काम बाकी असेल तर आणू नका.

११. गॅरेजवाला स्वतःची गाडी वापरायला देतोय. घ्यावी का?

जुनं गिऱ्हाईक म्हणून चांगुलपणानं देत असेल तर घ्या, पण आरसी, चालू विमा आणि पीयूसी बघून. दुसऱ्या गिऱ्हाइकाची दुरुस्तीला आलेली गाडी देत असेल तर हात लावू नका.

१२. भाड्यानं सेल्फ-ड्राइव्ह घेताना काय बघायचं? शेजाऱ्याची गाडी पैसे देऊन घेतली तर स्वस्त पडते.

सेल्फ-ड्राइव्ह भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीची प्लेट पिवळी आणि अक्षरं काळी. पांढऱ्या प्लेटची गाडी खासगी वापराची; ती भाड्यानं दिली-घेतली तर विम्याची अट मोडते. शेजाऱ्याला रोज पाचशे रुपये देऊन गाडी घेतली आणि अंकली पुलाजवळ ठोकली, तर त्याची कंपनी क्लेम नाकारू शकते. ज्यानं तुमची अडचण ओळखून गाडी दिली त्याच्या गळ्यात हे घालू नका.

भाड्याची गाडी घेताना डिपॉझिट, रोजची किलोमीटर मर्यादा आणि नुकसान झाल्यास तुमच्या खिशातून किती जाणार, हे करारात बघा. चावी घेण्याआधी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा, छत आणि चाकांच्या रिमसकट. पावती जीएसटीची घ्या. साधी चिठ्ठी क्लेमला चालत नाही.

१३. मेव्हण्याची गाडी फुकट वापरली तर?

खुशाल वापरा. वैध लायसन्स असलेला कुणीही मालकाच्या परवानगीनं चालवू शकतो. पण तुमच्या हातून ठोकली तर क्लेम मेव्हण्याच्या पॉलिसीवर होतो आणि त्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जातो. हे गाडी मागतानाच बोलून घ्या.

१४. माझी टॅक्सी आहे. बंद गाडीमुळे धंदा बुडतो, हप्ता चालूच आहे.

खासगी कारचा भत्ता बहुधा व्यावसायिक वाहनाला मिळत नाही. तुमच्या पॉलिसीत वेगळा ॲड-ऑन असेल तरच. चूक समोरच्याची असेल तर प्र. ७ ची वाट तुमच्यासाठी खासगी गाडीवाल्यापेक्षा जास्त मोलाची आहे, कारण तुमचं उत्पन्न कागदावर दाखवता येतं: परमिट, ट्रिपची नोंदवही, बँकेत जमा झालेलं भाडं, आयकर विवरण. हप्त्यासाठी फायनान्स कंपनीला आधीच लेखी कळवा. गाडी गॅरेजला आहे म्हणून हप्ता थांबत नाही.

१५. पुरात गाडी बुडाली. भत्ता मिळतो का?

पूर हा मूळ पॉलिसीत येतो, त्यामुळे ॲड-ऑन असेल तर भत्ताही मिळतो. अडचण दिवसांची असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीच्या पेठांत शिरलं. अशा वेळी सगळ्यांच्या गाड्या एकदम गॅरेजला लागतात आणि दहा-पंधरा दिवसांची मर्यादा सर्व्हे होईपर्यंतच संपते. म्हणून पाणी ओसरल्यावर पहिल्याच दिवशी क्लेम नोंदवा.

आणि पाण्यातून काढलेली गाडी चालू करून बघू नका. सेल मारला की पाणी इंजिनात जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो. ते नुकसान पुराचं नाही, गाडी चालू केल्याचं, असं म्हणून कंपनी इंजिनाचा खर्च नाकारते. इंजिन प्रोटेक्टचा ॲड-ऑन नसेल तर तो सगळा तुमच्यावर येतो. क्लेमच अडकला की भत्ताही अडकतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी वाढत असल्याच्या बातम्या सुरू झाल्या की गाडी उंचावर नेऊन लावा. त्याहून चांगला उपाय नाही.

१६. कंपनी म्हणते टोटल लॉस. मग दुरुस्तीच नाही, तर भत्ता?

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात. भत्त्याचं काय, ते पॉलिसीनुसार बदलतं: कुठे पूर्ण दिवस देतात, कुठे काहीच नाही. मात्र इथे उशीर तुमच्याकडूनही होतो. आरसी, दोन्ही चाव्या, बँकेची एनओसी हे कागद लगेच द्या. कर्ज असेल तर आधी बँकेचे पैसे वळते होतात, आणि हातात येतात ते उरलेले.

१७. सहा हजारांचं काम आहे. भत्ता मिळेल म्हणून क्लेम करू का?

शक्यतो नको. सक्तीची कपात, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही सोसायची रक्कम, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये असते. शिवाय नो क्लेम बोनस शून्यावर येतो. पाच वर्षं सांभाळलेला असेल तर तो ५० टक्के असतो. सहा हजारांचं काम दोन-तीन दिवसांत होतं आणि तेवढे दिवस भत्त्यात बहुधा वगळलेलेच असतात.

१८. माझी गाडी हातानं चालवायची केलेली आहे, पायात ताकद नाही. भाड्याची गाडी मला चालवताच येत नाही.

तुम्ही गाडीचा पर्याय घेऊच नका, रोख भत्ता घ्या आणि चालकासह टॅक्सी करा. क्लेम नोंदवतानाच, गाडीत आरटीओनं नोंदवलेले बदल आहेत आणि दुसरी गाडी चालवता येत नाही, हे मेलमध्ये लिहा. रक्कम यानं वाढेलच असं नाही, पण काम लवकर उरकण्यासाठी कंपनी आणि गॅरेज दोघांच्याही मागे लागायला हे सबळ कारण आहे. हातानं चालवायची यंत्रणा आयडीव्हीत धरली आहे का, तेही रिन्यूअलला तपासा. ती धरली नसेल तर तिच्या दुरुस्तीवरूनच वाद होतो.

१९. मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिला गाडी दुरुस्तीला गेल्यावर लगेच दुसरी मिळाली. आपल्याकडे का नाही?

तिथे बऱ्याच सर्वसमावेशक पॉलिसींत मान्य गॅरेज दुरुस्तीपुरती छोटी गाडी देतं. चूक समोरच्याची असेल तर आपल्या गाडीसारख्या गाडीचं वाजवी भाडं त्याच्या विमा कंपनीकडून वसूल करण्याची पद्धत तिथे रुळलेली आहे. आपल्याकडे मागणी न्यायाधिकरणात न्यावी लागते (प्र. ७). तिथले नियम इथल्या कंपनीला सांगून उपयोग होत नाही.

२०. ॲड-ऑन आहे, कागद दिले, तरी कंपनी भत्ता देत नाही. कुठे जायचं?

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. पोच किंवा मेल जपून ठेवा. सोबत नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर नोंदवा; १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार घेतात. एक महिन्यात उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. सांगली-साताऱ्यासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षात अर्ज करायचा असतो. तक्रार स्वतःच्या पॉलिसीबद्दल असावी लागते. समोरच्याच्या कंपनीविरुद्ध ही वाट नाही.

दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. कंपनीचं कार्यालय मुंबईत असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे. गॅरेज आणि विमा कंपनी दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर आयोगच बरा, कारण तिथे दोघांनाही एकाच तक्रारीत ओढता येतं. लोकपाल फक्त विमा कंपनीपुरता बघतो. दोन्हीकडे एकदम जाऊ नका. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही.